पिशवी काढण्याआधी

महाराष्ट्रातील स्त्रीरोगतज्ज्ञ आणि त्यांच्या जिल्ह्या-तालुक्यांतील संघटना यांस,



जून 2019 मध्ये राज्याच्या तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितले की, बीड जिल्ह्यात तीन वर्षांत 4,605 स्त्रियांची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढली गेली. पुढे नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी करवली. पाहणीतल्या 82,309 जणींपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे साधारण सहांत एकीची. त्यात पंचविशी-तिशीतल्या बायका मोठ्या संख्येने होत्या. काही महिने वर्तमानपत्रांत, सभागृहात, दूरचित्रवाणीवर संताप उसळला. मजूर पुरवणाऱ्या मुकादमांना दोष दिला गेला, साखर कारखान्यांना दिला गेला, ‘काही लोभी डॉक्टरां’नाही दिला गेला. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट आली आणि विषय मागे पडला. मुकादम, कारखाने आणि सरकार यांची जबाबदारी मोठी आहे, ती मी नाकारत नाही. तरीही हे पत्र तुम्हाला लिहिते आहे. पाळीची, अंगावरून जाण्याची, ओटीपोटात दुखण्याची तक्रार घेऊन स्त्री ज्या खोलीत येते ती खोली तुमची आहे, आणि पिशवी ठेवायची की काढायची हे अखेर त्या खोलीतच ठरते.

माझे म्हणणे एवढेच आहे की, साध्या, बऱ्या होणाऱ्या तक्रारींवर शस्त्रक्रिया हा शेवटचा उपाय असायला हवा होता, तो आपल्याकडे अनेक ठिकाणी पहिला झाला आहे. चार डॉक्टर बिघडले म्हणून तसे झालेले नाही. शस्त्रक्रियेच्या अलीकडच्या उपचाराच्या पायऱ्या तुमच्या शास्त्राला ठाऊक आहेत, तुमच्या पाठ्यपुस्तकांत आहेत. तुमच्या रोजच्या व्यवसायात मात्र त्या ना बंधनकारक आहेत, ना परवडणाऱ्या. त्या बंधनकारक करणे तुमच्या संघटनांच्या हातात आहे. लबाड डॉक्टर पकडला की प्रश्न सुटला, असे मानले तर पुढच्या जिल्ह्यात तो पुन्हा उभा राहील.

या पायऱ्या का लागतात हे सर्वांत स्पष्टपणे दाखवून दिले ते तुमच्यातल्याच एका डॉक्टरने. डॉ. राणी बंग या स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत. गडचिरोलीत 1986 मध्ये ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू झाल्यावर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन खेड्यांतील 650 स्त्रियांची तपासणी केली. दवाखान्यात आलेल्या रुग्ण मोजण्याऐवजी गावात राहणाऱ्या बाया तपासल्या, हे त्या अभ्यासाचे वेगळेपण. जानेवारी 1989 च्या ‘लॅन्सेट’मध्ये आलेले निष्कर्ष जगभर वाचले गेले. 92 टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, एकेकीला सरासरी 3.6 आजार होते, आणि त्याआधी कधी तरी स्त्रीरोगासाठी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या 8 टक्के. त्या काळी आरोग्यखात्याला ग्रामीण स्त्री दोनच प्रसंगी दिसत असे, बाळंतपणाला आणि कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेला. दोन बाळंतपणांच्या मधली आणि शेवटच्या बाळंतपणानंतरची वीस-पंचवीस वर्षे तिच्या आजाराला वालीच नव्हता. तेव्हापासून दवाखान्यांतली बाळंतपणे वाढली, मातामृत्यू घटले, आणि त्यात तुमचा वाटा मोठा आहे. पण महाराष्ट्रातल्या जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली असते, बहुतेकींची ऐन तारुण्यात, आणि त्यानंतरच्या त्यांच्या शरीराकडे पाहणारी यंत्रणा अजूनही उभी राहिलेली नाही. ‘लेकरं झाली, आता पिशवीचा काय उपयोग’ हे वाक्य घरातही बोलले जाते आणि दवाखान्यातही.

त्या तक्रारी नेमक्या कोणत्या असतात, ते पाहू. पहिली, अंगावरून पांढरे जाणे. यातले बरेचसे निसर्गाचेच असते आणि त्याला औषधही लागत नाही. जे जंतूंमुळे किंवा बुरशीमुळे असते, ते स्वस्त गोळ्यांनी बरे होते; सरकारी केंद्रांत त्यासाठी हिरव्या रंगाचे किट ठरलेले आहे आणि ओटीपोटातल्या सुजेसाठी पिवळे. अडचण एवढीच की गोळ्या देण्याआधी विचारावे लागते, स्पेक्युलम लावून पाहावे लागते, नवऱ्यालाही औषध लागेल का हे ठरवावे लागते, आणि उसाच्या फडात पाणी, आडोसा, धुतलेले कापड नसेल तर हा त्रास पुन्हा उद्भवेल हे तिला सांगावे लागते. दुसरी गोष्ट, ‘पिशवीच्या तोंडाला जखम आहे’ हे निदान. मुखाच्या आतली लालसर त्वचा बाहेरच्या बाजूला दिसणे ही तरुण स्त्रीत बहुतेक वेळा स्वाभाविक अवस्था असते. तिला जखम म्हटले की त्या बाईच्या डोळ्यांपुढे सडणारा अवयव उभा राहतो, आणि तिथून कर्करोगाची भीती फार दूर नसते.

तिसरी तक्रार सर्वांत महत्त्वाची, कारण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गर्भाशय काढलेल्या स्त्रियांनी सांगितलेल्या कारणांत तीच सर्वांत वर आहे : पाळीत अतिरिक्त रक्तस्राव आणि वेदना. त्याची कारणे कशी लावायची हे ‘फिगो’ या तुमच्या जागतिक महासंघाने 2011 मध्ये नऊ गटांत नीट मांडून दिले आहे. मस्सा, अडेनोमायोसिस, फायब्रॉइड, कर्करोग व त्याआधीच्या अवस्था, रक्त गोठण्यातले दोष, अनियमित बीजमोचन अशी ती वर्गवारी कोणत्याही एमडीला पाठ असते. ट्रॅनेक्झॅमिक आम्लाच्या गोळ्यांनी रक्तस्राव निम्म्याच्या आसपास कमी होतो. आपल्या राज्यात 15 ते 49 वयोगटातील 54 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत. त्यांना लोह मिळाले तर अर्धा थकवा तिथेच उतरतो. आणि तांबीसारखेच गर्भाशयात बसवायचे, पण संप्रेरक थोडे थोडे सोडत राहणारे साधन आहे, जे वर्षानुवर्षे काम करते. फिनलंडमध्ये अशा रक्तस्रावाने त्रस्त 236 स्त्रियांचे दोन गट करून एकाला हे साधन, दुसऱ्याला शस्त्रक्रिया असा अभ्यास झाला. पाच वर्षांचे निष्कर्ष 2004 मध्ये प्रसिद्ध झाले. साधन बसवलेल्या गटातल्या 42 टक्के स्त्रियांना पुढे शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, हे लपवण्याचे कारण नाही. पण उरलेल्या 58 टक्के स्त्रियांचे गर्भाशय वाचले, दोन्ही गटांतल्या स्त्रियांच्या जगण्याचा दर्जा सारखाच राहिला आणि खर्च कमी आला. हे साधन आपल्या तालुक्याच्या गावात किती जणींना निदान सांगितले तरी जाते?

‘पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल’ हे वाक्य ऊसतोड स्त्रियांच्या कहाण्यांत वारंवार येते, म्हणून त्याचा वेगळा विचार करते. गर्भाशयमुखाचा कर्करोग हळू वाढतो. एचपीव्ही या विषाणूच्या दीर्घ संसर्गापासून कर्करोगापर्यंत साधारण दहा-पंधरा वर्षे जातात, आणि त्या काळात सापडलेला पूर्वावस्थेतला भाग बाह्यरुग्ण विभागात गोठवून किंवा भाजून नष्ट करता येतो. त्यासाठी पिशवी काढण्याची गरज नसते. हे जगाला ठामपणे सांगणारा एक मोठा पुरावा मराठवाड्याच्या मातीत तयार झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 1999 पासून 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांचा अभ्यास केला. 2009 मध्ये निष्कर्ष आले : आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीमुळे पुढच्या आठ वर्षांत पसरलेला कर्करोग आणि त्याने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तुलनेच्या गटाला तपासणी दिली नाही यावर नंतर नैतिक टीका झाली, आणि ती मला रास्त वाटते. म्हणूनच त्या स्त्रियांचे ऋण अधिक आहे. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा केंद्राच्याच डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्तींनी व्हिनेगर लावून केलेल्या तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. आता 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाकडे पाहा. देशातल्या 30 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेल्या फक्त 1.9 टक्के. बार्शीचे संशोधन जगाच्या तपासणी धोरणात गेले आणि बार्शीच्या शेजारच्या तालुक्यातल्या बाईला आजही तपासणीऐवजी भीती मिळते. कर्करोगाची खरोखर काळजी असेल, तर ती पहिल्यांदा त्या एका चाचणीत दिसायला हवी.

गर्भाशय काढले की दुखणे संपते, हेही पूर्ण खरे नाही. त्यासोबत बीजांडकोशही काढले गेले तर तिशीतली बाई एका रात्रीत रजोनिवृत्त होते, आणि हाडे, हृदय, झोप, मन सगळ्यांवर त्याचा भार येतो. बीजांडकोश ठेवले तरी धोका उरतो. मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी 2018 मध्ये मांडले की, बीजांडकोश शाबूत ठेवून वयाच्या पस्तिशीपर्यंत गर्भाशय काढलेल्या स्त्रियांत पुढे हृदय कमजोर पडण्याचा धोका 4.6 पट आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराचा 2.5 पट दिसला. हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे. त्यावरून थेट कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे तुम्ही मला सांगालच. पण ज्या बाईला उरलेले आयुष्य मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे आहे, तिच्या बाबतीत संशयाचा फायदा कुणाला द्यायचा?

मग हे घडते कसे? तुमच्या पेशाच्या घडणीकडे पाहिले की उलगडा होतो. तीन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण बहुतांशी लेबर रूममध्ये आणि शस्त्रक्रियागृहात जाते. तिथे तासन्‌तास उभे राहून, रात्री-अपरात्री जिवावरची बाळंतपणे निभावून तुम्ही घडता, आणि त्याबद्दल समाजाने कायम कृतज्ञ राहायला हवे. पण रक्तस्रावाच्या बाईला अर्धा तास ऐकणे, पाळीची नोंद ठेवायला लावणे, तीन महिने गोळ्या देऊन पुन्हा बोलावणे, याची ना परीक्षेत कुणी विचारणा करते, ना लॉगबुकात त्याचा रकाना असतो. पुढे तालुक्याच्या ठिकाणी दहा-पंधरा खाटांचे रुग्णालय, त्यावरचे कर्ज, सोनोग्राफीचे यंत्र, रात्रपाळीच्या परिचारिकांचे पगार. या गणितात अर्ध्या तासाच्या संभाषणाची किंमत काही शे रुपये आणि शस्त्रक्रियेची काही हजार. प्रामाणिक माणूसही अशा व्यवस्थेत हळूहळू एका बाजूला झुकतो. 2012 मध्ये छत्तीसगड आणि बिहारमध्ये सरकारी विमा योजनेखाली अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांचे प्रकरण उघडकीला आले, ते याच कारणाने : विम्याची रक्कम शस्त्रक्रियेला मिळत होती, उपचाराच्या अलीकडच्या पायऱ्यांना मिळत नव्हती. पैसा जिकडे वळवला, उपचार तिकडे गेला.

तुमच्यातले अनेकजण म्हणतील, ‘बायका स्वतःच मागतात.’ हे खरे आहे, आणि या आक्षेपाला मी सर्वांत जास्त वजन देते. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. उचल आधीच घेतलेली असते. कामावर न गेल्याचा खाडा दिवसाला 500 रुपयांपर्यंत कापला जात असल्याच्या बातम्या 2019 मध्ये आल्या. पाळीतली चार दिवसांची रजा म्हणजे घरावरचे कर्ज. अशी बाई म्हणते, ‘डॉक्टर, एकदाची कटकट मिटवा.’ तिच्या मागणीचा मान राखलाच पाहिजे. तिला काय हवे ते तिला कळत नाही, असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण तिच्यासमोर पर्याय एकच ठेवला असेल, आणि तोही कर्करोगाच्या छायेत, तर त्याला संमती कसे म्हणायचे? गोळ्या, साधन, चाचणी, शस्त्रक्रिया आणि प्रत्येकाचे पुढचे परिणाम तिच्या बोलीत सांगितल्यावरही तिने शस्त्रक्रिया निवडली, तर ती खरोखर तिची निवड. ‘खेड्यातल्या बायका तपासणी करूनच घेत नाहीत’ हा दुसरा समज तर गडचिरोली आणि बार्शी दोन्हीकडे खोटा ठरला. बार्शीच्या अभ्यासात एचपीव्ही चाचणीसाठी बोलावलेल्या पाचांपैकी चार स्त्रिया आल्या. आदराने बोलावले, बाई तपासणारी असली आणि पडदा लावलेला असला की त्या येतात.

आणखी एक आक्षेप अधिक शास्त्रीय आहे. गर्भाशय काढणे ही मान्य आणि अनेकदा अत्यावश्यक शस्त्रक्रिया आहे. अमेरिकेत साठीपर्यंत सुमारे तीनांतील एका स्त्रीची ती झालेली असते, मग भारतातल्या आकड्यांवरून एवढा गहजब कशाला? मान्य. नुसत्या संख्येवरून दोष काढणे चुकीचे आहे. कर्करोग, मोठे फायब्रॉइड, औषधांना न जुमानणारा अडेनोमायोसिस, पुढच्या वयातले अंग बाहेर येणे, या ठिकाणी शस्त्रक्रिया नाकारणे हा अन्यायच ठरेल, आणि बीडच्या गदारोळानंतर गरजू बाईलाही परवानगीच्या फेऱ्यांत अडकावे लागले तर ती आणखी एक हानी. म्हणून मी संख्येबद्दल बोलत नाही. कोणत्या वयात, कोणत्या निदानावर, आधी काय करून पाहिल्यावर, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे मागते आहे. राष्ट्रीय सर्वेक्षणात अशा शस्त्रक्रियांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक खासगी रुग्णालयांत झालेल्या आहेत, आणि ती उत्तरे तिथल्या कपाटांतच आहेत.

‘ती बाई पुन्हा येणारच नाही, सहा महिने फडावर असते, कॅन्सर निसटला तर नातेवाईक दवाखाना फोडतील,’ ही भीतीही मी हलकी मानत नाही. डॉक्टरांवरचे हल्ले हे आपल्या समाजाचे लाजिरवाणे वास्तव आहे. पण पाठपुरावा अवघड असणाऱ्या स्त्रीलाच दीर्घकाळ टिकणारे साधन आणि एकदाच करायची चाचणी सर्वांत उपयोगी. ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि उन्हाळ्यात परततात. पावसाळ्याचे चार महिने ती बाई गावातच असते, आणि चाचणी, साधन बसवणे, रक्तवाढीचे उपचार यांना ते पुरतात. आणि न्यायालयात डॉक्टरला वाचवतो तो नीट लिहिलेला कागद. काय पाहिले, काय सांगितले, काय करून पाहिले याची नोंद असेल तर ती तुमचीही ढाल आहे.

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये, अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्याचे आदेश राज्यांना दिले. त्यात जिल्हा पातळीवर देखरेख समित्या आहेत. पण समिती असो वा शल्यचिकित्सकांची सही, दोन्ही रस्त्याच्या शेवटी येतात; बाईचे मन तोवर तयार झालेले असते, पैसे उसने घेतलेले असतात. सुरुवातीला काय घडावे हे तुम्हीच ठरवू शकता. आणि गर्भाशय वाचवण्याची परंपरा तुमच्या घरातच आहे. गोव्यात जन्मलेले आणि मुंबईत काम केलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर जगाला माहीत आहेत ते गर्भाशयमुखाच्या टाक्यासाठी. पण अंग बाहेर येण्याच्या त्रासात तरुण स्त्रीचे गर्भाशय न काढता ते उचलून धरण्याची शस्त्रक्रियाही त्यांच्या नावाने ओळखली जाते. पुरंदरे यांच्या नावाची तशीच दुसरी शस्त्रक्रिया आहे. गर्भाशय वाचवण्याचे कसब या मुंबईने जगाला दिले, आणि ते शिकवणारे विभाग अजून इथेच चालू आहेत.

म्हणून संघटना म्हणून तुमच्याकडे माझे मागणे असे. चाळिशीच्या आतल्या स्त्रीचे गर्भाशय कर्करोगाखेरीज अन्य कारणासाठी काढायचे असेल, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत आणि किमान तीन महिन्यांच्या उपचारांची नोंद असल्याशिवाय ती शस्त्रक्रिया आपला सदस्य करणार नाही, असा ठराव करा. जीव धोक्यात घालणारा रक्तस्राव अर्थातच याला अपवाद. अशा प्रत्येक शस्त्रक्रियेची वयासह, निदानासह, नाव न देता जिल्हावार माहिती दरवर्षी स्वतः प्रसिद्ध करा, सरकारने मागण्याची वाट पाहू नका. सरकारी विमा योजनेत समुपदेशन, संप्रेरकाचे साधन आणि एचपीव्ही चाचणी यांना शस्त्रक्रियेइतकेच सन्मानाने पैसे मिळावेत यासाठी तुम्ही आरोग्यखात्याशी भांडा. तुमच्या संघटनेचा आवाज तिथे आमच्यापेक्षा लवकर ऐकला जातो. विद्यापीठाला सांगा की लॉगबुकात वाचवलेल्या गर्भाशयांचाही रकाना हवा. आणि बीड, धाराशिव, जालना, परभणी या जिल्ह्यांतल्या शाखांनी येत्या पावसाळ्यात, टोळ्या बाहेर पडायच्या आधी, ऊसतोड गावांत तपासणीची शिबिरे घ्यावीत : आशा कार्यकर्तीला सोबत घेऊन, बाई डॉक्टर किंवा प्रशिक्षित परिचारिका बसवून, पडद्यासह, औषधांसह, आणि ज्यांना गरज आहे त्यांना नंतर कुठे यायचे याचा पत्ता हातात देऊन. पहिल्या शिबिराची तारीख तुम्ही जाहीर करा. गावात निरोप पोचवण्याचे आणि बायकांना घेऊन येण्याचे काम आमच्यासारखे नागरिक करतील.

कळावे,
आपली नम्र,
एक नागरिक